दुखणं लपवायला लावणारा नियम मागे घ्या : आमच्या ट्रायथलॉन क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, मुख्य प्रशिक्षक आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीने ग्रुपवर एक सूचना टाकली. पोहणं, सायकल आणि पळणं मिळून गोव्याच्या ११३ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या तुकडीतला जो कोणी सलग दोन रविवार गैरहजर राहील, त्याचं नाव तुकडीतून कमी होईल, कारण काहीही असो. त्याखाली आणखी दोन निर्णय होते. दुखापतीबद्दलच्या पोस्ट ग्रुपवर टाकायच्या नाहीत, त्यामुळे वातावरण नकारात्मक होतं. आणि दर महिन्याला होणारं फिजिओथेरपीचं शिबिर यंदा निधी नसल्यामुळे बंद.

या तिन्ही निर्णयांना माझा विरोध आहे. तो मी आधी सचिवांना मेसेज करून कळवला, मग प्रत्यक्ष भेटून सांगितला. "कार्यकारिणीत ठरलंय" यापलीकडे उत्तर मिळालं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. क्लबचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, नियम बदलून हवेत. शिवाय असे क्लब आता गावोगाव झालेत आणि यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

मी सहकारी बँकेत नोकरी करते, वय ३६. रंकाळ्यावर फिरायला जायचे तेव्हा क्लबची मंडळी पळताना दिसायची, त्यांनीच मला ओढून आणलं. पेडलला अडकणारे क्लिटचे बूट घालून थांबायच्या आधी पाय कसा सोडवायचा, मागचं चाक चेनमधून कसं काढायचं, गर्दीत पोहताना कोणाची लाथ चष्म्यावर बसली तर श्वास कसा सावरायचा, हे सगळं मला या क्लबने शिकवलं. पहाटे साडेचारला अंधारात माझ्यासाठी चौकात थांबणारी माणसं मला इथेच मिळाली. ती माणसं सुखरूप राहावीत म्हणूनच हे पत्र आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी फक्त पळताना, मग जिना उतरताना, नंतर रात्री झोपेतही. अंगठ्याने दाबलं तर एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी, कळ यायची. मी ग्रुपवर विचारलं. मुख्य प्रशिक्षकांचं उत्तर आलं, "शिन स्प्लिंट आहे. सगळ्यांना होतं, पळून पळूनच जातं. बर्फ लाव, स्प्रे मार, रविवारी ये." संध्याकाळपर्यंत माझी मूळ पोस्ट अ‍ॅडमिनने काढून टाकली होती. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, आणि "बघा, काही नाहीये" म्हणत मला पुढच्या लाँग रनला उभं करण्यात आलं. शेवटी पाय टेकवेना तेव्हा एमआरआय झाला. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे सततच्या भाराने गेलेली बारीक चीर. कुबड्या घेऊन बँकेत जात होते. मुलीला शाळेत सोडणं, बाजारहाट, सगळं सासूबाई आणि सासऱ्यांवर पडलं. हौसेने सुरू केलेल्या खेळाची किंमत घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी मोजली.

सर, शिन स्प्लिंट आणि स्ट्रेस फ्रॅक्चर यांच्यातला फरक सांगायला प्रत्येक वेळी मोठी यंत्रं लागत नाहीत. शिन स्प्लिंटचं दुखणं नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरतं. हाडाला चीर जात असेल तर दुखणं एका ठिपक्यावर येतं, पळता पळता कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं आणि पुढे बसल्याजागी किंवा रात्रीही जाणवतं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साधा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ दिसतो, म्हणून तो स्वच्छ आला तरी पळायची परवानगी मिळाली असं होत नाही. नडगीच्या आतल्या कडेचं फ्रॅक्चर वेळीच थांबलं तर साधारण दीड-दोन महिन्यांत भरतं. पण खुब्याजवळ मांडीच्या हाडाचं, नडगीच्या पुढच्या बाजूचं किंवा पावलाच्या नॅव्हिक्युलर हाडाचं असेल तर प्रकरण गंभीर असतं. तिथे दुर्लक्ष झालं तर ऑपरेशनपर्यंत वेळ येते. हे जिल्ह्यातला कोणताही चांगला फिजिओ अर्ध्या तासात शिकवेल. पण तेच शिबिर तुम्ही बंद केलंत.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आहे. ती बायकांची म्हणून बाजूला पडते, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. फ्रॅक्चरच्या आधीच्या काही महिन्यांत मला क्लबकडून आहाराचा सल्ला मिळाला होता: वजन उतरव, पेस (पळण्याचा वेग) आपोआप येईल. रात्रीची भाकरी बंद, भात बंद, पहाटेची लाँग राईड उपाशीपोटी. पाळी आधी लांबली, मग बंद झाली. विचारल्यावर "ट्रेनिंग जोरात असलं की होतं असं" हे उत्तर एका अनुभवी सभासदाने दिलं. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करायला लागतं. पाळी थांबते, हाडं भरायचा वेग मंदावतो, आजारपणं वाढतात, झोप बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं आणि हे पुरुषांनाही होतं हेही सांगितलं. पाळी बंद होणं हा हाडांकडून आलेला इशारा असतो. मला तो शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितला. क्लबमध्ये असं विचारायला कोणी बाई नाही, कारण कार्यकारिणीत एकही बाई नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अशा देशात एखादी सभासद "दम लागतो" म्हणाली की तिला "इंटरव्हल वाढव", म्हणजे थांबून थांबून जोरात पळायच्या फेऱ्या वाढव, असं सांगण्याआधी रक्त तपासायला सांगायला हवं.

आता त्या नियमाकडे येते. दोन रविवारांचा नियम शिस्तीसाठी आहे, असं अध्यक्षांनी म्हटलं. मी पाहते ते असं: गेल्या रविवारी राईड सुरू व्हायच्या आधी गाड्यांच्या आडोशाला एक मुलगा मोज्याच्या आत क्रेप बँडेज गुंडाळत होता. घोटा सुजलेला. मला पाहिल्यावर त्याने पाय मागे घेतला आणि म्हणाला, "ताई, कुणाला बोलू नका. मागचा रविवार चुकलाय." तो चोवीस वर्षांचा आहे. एण्ट्री फी, हॉटेल, सायकल गोव्याला न्यायचा खर्च, सगळं त्याने पगारातून साठवून भरलंय. नाव कमी झालं तर हे सगळं बुडेल या धास्तीने तो सुजलेल्या पायावर नव्वद किलोमीटर सायकल चालवायला निघाला होता. या नियमामुळे हजेरी भरलेली दिसेल, पण दुखणी मोज्यात, शॉर्ट्सखाली आणि गोळीखाली जातील. ग्रुपवर लिहायला बंदी, तोंडाने सांगायची भीती आणि बघायला फिजिओ नाही, मग दुखापत कळणार कशी?

आणि हा नियम आपल्याच खेळाला सोडून आहे. फक्त पळणाऱ्यांच्या क्लबात पायाला दुखापत झाली की माणूस घरी बसतो. आपल्याकडे तीन खेळ आहेत. नडगी दुखत असेल तर पोहता येतं. खांदा धरला असेल तर सायकल आणि रन चालू राहतो. पळायला मनाई असलेल्या माणसाला कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात पळता येतं, त्याचा दम टिकतो आणि हाडावर भार येत नाही. दुखापत झालेल्या सभासदाला तुकडीत ठेवून त्याचं वेळापत्रक बदलणं या खेळात जितकं सोपं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या खेळात असेल. त्याला बाहेर काढायचं कारणच नाही.

वेळापत्रकाचं दुखणंही जुनं आहे. वीस आठवड्यांचा एकच तक्ता सगळ्यांना मिळतो. तीनदा हाफ, म्हणजे हीच ११३ किलोमीटरची शर्यत, पूर्ण केलेला माणूस आणि मागच्या वर्षी पहिल्यांदा रेसिंग सायकलवर बसलेली बाई, दोघांना तेच किलोमीटर. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं हे अंतर सगळ्यांना सारखंच आहे, हे मान्य. तिथवर पोचायचा रस्ता प्रत्येकाचा वेगळा असतो. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराची झोप वेगळी, तान्ह्या बाळाच्या आईची वेगळी. यात सर्वांत घातक म्हणजे "बॅकलॉग" नावाचा प्रकार. गणपतीत चार दिवस गेले, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे आले, रन चुकले, की पुढच्या आठवड्यात ते सगळे किलोमीटर भरून काढायचे असा आपल्याकडे दंडक आहे. कृपा करून हा शब्द बंद करा. चुकलेला रन गेला. तो पुढच्या आठवड्यात कोंबला की पोटरी, टाच, गुडघा यांच्यावर एकदम ओझं येतं, आणि पोहणं, सायकल, पळणं या तिघांत दुखापती सर्वांत जास्त पळण्याने होतात.

यावर दर वेळी एक उत्तर मिळतं, की आपण दर आठवड्याला दहा टक्केच वाढवतो, म्हणजे तक्ता सुरक्षित आहे. दहा टक्क्यांचा नियम ऐकायला छान आहे. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर त्याची पद्धतशीर चाचणी झाली. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि दहा टक्क्यांच्या हिशेबाने वाढवणाऱ्या गटाच्या दुखापती दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाल्या नाहीत. एकदम उड्या मारू नयेत हे खरंच आहे. पण टक्केवारी लावली म्हणून माणसाकडे बघायचं काम संपत नाही. सोमवारी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं तेव्हा टाच ओढली का, हे विचारल्यानेच कळतं.

कुठल्या दुखण्याला किती मान द्यायचा हेही शिकवायला हवं, नाहीतर एक टोक म्हणजे सगळं सोसणारे आणि दुसरं म्हणजे जरा काही झालं की महिनाभर खाटेवर पडणारे. टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस टेंडन दुखत असेल तर पूर्ण विश्रांतीने ती बरी होत नाही. तिला मोजका भार द्यावा लागतो. पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला हा व्यायाम आजही फिजिओ देतात. यात थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं. हाडाचं मात्र तसं नाही. तिथे थोडंही दुखलं तरी पळायचं नाही. आपल्या क्लबमध्ये दोन्हींना एकच औषध आहे: बर्फ, स्प्रे आणि "मन घट्ट कर".

आणि गोळी. याबद्दल मला अतिशय कडक शब्दांत लिहायचं आहे. ब्रिक सेशनच्या, म्हणजे सायकलनंतर लगेच पळायच्या सरावाच्या आधी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी हातोहात फिरते. शर्यतीच्या दिवशी "स्टार्टआधी एक, रनआधी एक" असा सल्ला जबाबदार सभासद नवीन मुलांना देतात. चार-सहा तास घाम गाळणाऱ्या शरीरात मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. या गोळ्या ते आणखी कमी करतात. पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. आणि ज्या दुखण्याने माणूस थांबला असता ते दबून तो पुढे पळत राहतो. अति श्रमाने स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलं की लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. असं दिसलं तर घरी जाऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे वाक्य क्लबच्या कोणत्याही सूचनेत मी आजवर वाचलेलं नाही.

उन्हाचा प्रसंग तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्यावर तो आला त्याच्या परवानगीने लिहिते. मे महिन्यातला रविवार, कागलकडे जाणाऱ्या सर्व्हिस रोडवर ब्रिक होतं. राईड लांबली आणि रन सुरू झाला तेव्हा दहा वाजून गेले होते. आमच्यातला एकजण वाकडातिकडा पळायला लागला. हाक मारली तर भलतंच बोलत होता, स्वतःच्या मुलाचं नाव त्याला सांगता येईना. कोणी साखर आणा म्हणालं, कोणी कांदा शोधायला गेलं, कोणी त्याच्या तोंडाशी बाटली धरली, पण त्याला गिळता येत नव्हतं. समोरच्या रसवंतीवाल्या मामांनी आम्हाला बाजूला सारलं, पिंपातलं पाणी त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओतलं, बर्फाची लादी फोडून गोणपाटात बांधली आणि मानेला, काखेत, जांघेत धरायला लावली. रुग्णवाहिका येईपर्यंत ते पाणी ओततच होते. आज तो माणूस धडधाकट आहे याचं श्रेय त्या मामांना आहे.

श्रमाच्या उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर जातं आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. जगभरच्या शर्यतींत डॉक्टर एकच सांगतात: आधी जागेवर गार करा, मग हलवा. सर्वांत उत्तम म्हणजे अंगभर बर्फाचं पाणी. टब नसेल तर चौघांनी ताडपत्रीचे कोपरे धरले की त्यात माणूस, पाणी आणि बर्फ मावतो. आपल्या सपोर्ट गाडीत त्या दिवशी ताडपत्री नव्हती, बर्फ नव्हता. त्यानंतर तरी काही बदलेल असं वाटलं होतं. ग्रुपवर सूचना आली ती अशी: पाणी कमी पडल्यामुळे झालं, तहान असो नसो, दर दहा मिनिटांनी पाणी प्या. उष्माघात भरपूर पाणी प्यालेल्यालाही होतो. आणि तहान नसताना ढोसलेलं साधं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं होतं. तहानेप्रमाणे पिणं हा साधा सल्ला आहे. राईड झाल्यावर वजन निघतानापेक्षा वाढलेलं भरलं तर पाणी जास्त झालं. चुकीचा सल्ला ग्रुपवर राहतो आणि दुखापतीचा प्रश्न काढून टाकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्यातल्या सुरक्षेबद्दल थोडक्यात. राजाराम तलावात आपण आत किती उतरलो आणि बाहेर किती आलो हे कोणी मोजत नाही. टो फ्लोट, म्हणजे कमरेला बांधून मागे ओढायचा रंगीत फुगा, ऐच्छिक आहे, सोबत होडी किंवा कयाक नसते. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेल्या अचानक मृत्यूंची, हृदय बंद पडण्याच्या घटनांची आणि अपघाती मृत्यूंची मोजदाद झाली. १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या होत्या आणि चाळिशी उलटलेल्या पुरुषांना धोका अधिक होता. आपल्या क्लबात याच वयाचे पुरुष सर्वाधिक आहेत. पोहताना अवेळी धाप लागली, खोकला आला, फेसाळ थुंकी पडली तर हात वर करायचा आणि बाहेर यायचं, यात कमीपणा नाही, हे त्यांना वरिष्ठांनी सांगायला हवं.

जोतिबाच्या घाटात पावसात सायकल घसरून पडलेल्या मुलालाही राईड पूर्ण करायला लावली होती. हेल्मेटला तडा गेला होता, त्याला पडल्याचं आठवत नव्हतं, संध्याकाळी उलट्या झाल्या. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसवायचं नाही, हा नियम जगभर आहे आणि त्याला अपवाद नाहीत.

हे शहर तालमींचं आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून इथे उभं आहे. माझे आजोबा तालमीतले. ते सांगायचे, वस्ताद पहाटे पोरांच्या जोरांची संख्या नंतर बघायचे, आधी पोरगा तालमीत शिरताना कसा चालतो ते बघायचे. खांदा उतरलेला दिसला की त्या दिवशी लाल मातीत उतरायचं नाही. पोराने हट्ट केला तरी नाही. त्या पोराचं नाव तालमीतून कधी कमी झालं नाही, तो कडेला बसून डाव बघायचा. इतकी चांगली रीत घराशेजारी असताना आपण तक्ता आणि हजेरी घेऊन बसलो आहोत.

माझ्या आणि माझ्यासोबत विचारविनिमय केलेल्या सभासदांच्या मागण्या अशा आहेत.

दोन रविवारांचा नियम ताबडतोब आणि लेखी मागे घ्यावा. दुखापतीमुळे गैरहजर असलेल्या कोणाचंही नाव तुकडीतून कमी होणार नाही आणि त्याला पर्यायी वेळापत्रक मिळेल, असं त्याच पत्रात असावं.

ग्रुपवर दुखापतीविषयी लिहायची बंदी उठवावी. कार्यकारिणीला वेगळा ग्रुप हवा असेल तर तो काढा, पण त्यात किमान एक पात्र फिजिओ असू दे आणि निदान करणारी उत्तरं त्यांच्याशिवाय कोणी देऊ नयेत.

फिजिओचं मासिक शिबिर परत सुरू करावं. निधी नाही हे कारण पटत नाही, कारण त्याच बैठकीत नव्या जर्सीच्या डिझाइनला आणि खर्चाला मंजुरी मिळाली. जर्सी जुनी चालेल. गरज पडली तर आम्ही वर्गणी वाढवून द्यायला तयार आहोत, फक्त हिशेब सगळ्यांसमोर मांडावा.

तुकडीचे निदान तीन गट करावेत: पहिल्यांदा हाफ करणारे, अनुभवी, आणि दुखापतीतून परतणारे. परतणाऱ्यांसाठी साधी कसोटी ठेवावी. अर्धा तास भरभर चालून दुखलं नाही तरच पळणं-चालणं आलटून पालटून सुरू, आणि वाढ दुसऱ्या सकाळच्या पायाकडे बघून. दर सोमवारी प्रत्येकाला दोन-तीन प्रश्न विचारावेत: काही दुखतंय का, कुठे, रात्री किंवा सकाळी जाणवतं का. बॅकलॉग बंद.

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय वेदनाशामक गोळी सुचवायची किंवा द्यायची नाही, ही सूचना अध्यक्षांच्या नावाने जावी. वजन उतरवायचा सल्लाही आहारतज्ज्ञाशिवाय कोणी देऊ नये.

सपोर्ट गाडीत ताडपत्री, बर्फाची पेटी आणि प्रथमोपचाराची पेटी असल्याशिवाय राईड निघू नये. मार्च ते मे या काळात ब्रिक नऊच्या आत संपावं. तलावात उतरताना आणि बाहेर येताना डोकी मोजावीत, टो फ्लोट सक्तीचा असावा, सोबत कयाक असावी. पावसाळ्यात तलाव चढलेला असेल तर पोहणं तरणतलावात. चाळिशीपुढच्या सभासदांनी आणि छातीत दुखणं, चक्कर किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा काही इतिहास असलेल्या प्रत्येकाने हंगामाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

कार्यकारिणीत दोन स्त्रिया घ्याव्यात. मी स्वतः त्यासाठी उभी नाही, पण नावं सुचवू शकते.

मुख्य प्रशिक्षकांना एक वेगळी विनंती. सर, तुम्ही विनामूल्य, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं पहाटे उठून आम्हाला शिकवलंत. तुम्हाला डॉक्टरकी यावी अशी आमची अपेक्षा नाही. "मला माहीत नाही, फिजिओला दाखव" एवढं तुम्ही म्हणालात तरी आमच्या मनातला तुमचा मान तसूभर कमी होणार नाही.

गोव्याची शर्यत जवळ येते आहे आणि तक्त्यातले सर्वांत जड आठवडे आता सुरू होतील. म्हणून पुढच्या लाँग राईडच्या आधी कार्यकारिणीने सर्व सभासदांची बैठक बोलवावी आणि वरच्या प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का, हे लेखी द्यावं. बैठकीला माझ्या ओळखीच्या एक क्रीडा फिजिओ विनामूल्य यायला तयार आहेत, तुमची हरकत नसेल तर त्यांना सोबत आणते. ज्या सभासदांना या पत्रावर सही करायची आहे त्यांनी मला थेट कळवावं. ज्यांना नाव उघड करायचं नाही त्यांचं नाव कार्यकारिणीकडे जाणार नाही.

आपली,
क्लबची एक सभासद
कोल्हापूर